जायची गाडी मोजलीत, यायची?

पत्र: ताई, आम्ही कसारा लाईनला आसनगावच्या पुढे राहतो. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे, अभ्यासात हुशार. आमच्याकडची शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे आता आठवीला गावच्या हायस्कूलमध्ये घालायचं की कल्याणच्या इंग्लिश मीडियमला, यावरून घरात रोज वाद चालू आहेत. मिस्टरांचं म्हणणं कल्याण. माझ्या जाऊबाई कल्याणलाच राहतात, त्यांची मुलं त्या शाळेत जातात. गावचं हायस्कूल अनुदानित आहे, फी नाही. पण गणिताचे सर कल्याणहून गाडीने येतात आणि परतीची गाडी गाठायची म्हणून शेवटचा तास अर्ध्यावर टाकून निघतात. शिवाय हायस्कूल रुळापलीकडे, मुलं रूळ ओलांडून जातात. आमच्या स्टेशनवर सकाळी गाडीत बसायला जागा मिळते, लेडीज डबा असतो, तासाच्या आत कल्याण येतं. मुलगीही म्हणते, मला गाडीनेच जायचंय. जानेवारीत फॉर्म मिळतील. काय करू?
एक आई, शहापूर तालुका

ताई,

सरळच सांगते, गावच्या हायस्कूलला घाला. दहावी होईपर्यंत तरी. नुसतं एवढं सांगून मिस्टरांची समजूत पटायची नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र त्यांनाही वाचायला द्या.

तुमच्या पत्रात गाडीचा हिशेब आहे, पण तो एकाच बाजूचा. सकाळी जागा मिळते, हे खरं. तुमच्या स्टेशनपर्यंत डब्यात दूधवाले, भाजीवाल्या आणि लांबचे नोकरदार सोडले तर फारसं कोणी चढलेलं नसतं. खरी गर्दी पुढे आसनगाव, वासिंद, टिटवाळ्याला होते आणि तोवर तुमची लेक खिडकीशी बसलेली असेल. पण यायची गाडी कोणती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती शाळा सकाळच्या सत्रात भरते की दुपारच्या, हेही पत्रात नाही. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय त्यावर आहे.

शाळा दुपारची असेल तर सुटते सहाच्या आसपास. पोरगी शाळेतून स्टेशनवर, पुलावरून प्लॅटफॉर्मवर येईपर्यंत साडेसहा. त्या वेळची कसारा गाडी सीएसएमटीहून भरून आलेली असते. कल्याणला निम्मा डबा उतरतो हे मान्य, पण उतरणारा लोंढा आणि चढणारा लोंढा एकाच दारात भिडतात. त्या दारात सहावी-सातवीच्या अंगाची एक मुलगी, पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. रोज जाणाऱ्या बायका दप्तर पुढे घ्यायला शिकवतील, हाताला धरून आतही ओढतील, त्या तशा मायेच्या असतात. पण ही गाडी सुटली तर पुढची दहा मिनिटांत येत नाही. टिटवाळ्यापर्यंत गाड्या बऱ्या, आसनगावपर्यंत त्याहून कमी आणि आसनगावच्या पुढे तर कसाऱ्याचीच वाट बघायची. म्हणजे पोर एक तर दाराशी लटकत येणार, नाहीतर प्लॅटफॉर्मवर बसून राहणार. घरी पोहोचायला आठ वाजणार. जेवण उरकेपर्यंत नऊ, अभ्यासाला बसली की डोळे मिटणार. थंडीत स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता अंधाराचा, म्हणजे आणायला तुम्ही किंवा मिस्टर रोज स्टेशनवर.

शाळा सकाळची असेल तर परतीची गाडी दुपारची, रिकामी. ते बरं. पण मग पहाटे साडेचारला उठायचं, गाडी पाचच्या पुढे-मागे, आणि दुपारी दोनला घरी येऊन जी झोपेल ती संध्याकाळीच उठेल. तेरा वर्षांच्या मुलीची झोप कापून इंग्रजी पक्कं होत नाही. यात मासिक पाळीचे दिवस धरा, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाची अवस्था धरा. हे तुम्हाला मी सांगायला नको, पण मिस्टरांच्या हिशेबात ते नसेल.

आता पावसाळा. कल्याणच्या पुढे कसाऱ्यापर्यंत दोनच रूळ, त्यावरूनच लोकल, त्यावरूनच नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. तिसऱ्या मार्गिकेचं काम वर्षानुवर्षं चाललंय. त्यामुळे एक गाडी अडली की मागच्या सगळ्या जागच्या जागी. २९ ऑगस्ट २०१७ ला वासिंद-आसनगावच्या मध्ये दरड येऊन नागपूर-मुंबई दुरांतो घसरली, तेव्हा तुमच्याकडची माणसं किती दिवस गाडीविना होती, ते तुम्हीच आठवा. जुलै २०२१ मध्ये उंबरमाळीला रूळ पाण्याखाली गेले. ७ जुलै २०२४ ला आटगाव-तानशेतच्या मध्ये रुळावर माती आली, वासिंदला झाड पडलं आणि कसारा ते टिटवाळा गाड्या बंद. तो रविवार होता म्हणून शाळेची मुलं घरी होती. अशा दिवशी नोकरदार माणूस हायवेला येतो, मिळेल त्या गाडीला हात करतो, रात्री अकराला का होईना घरी पोहोचतो. आठवीतल्या मुलीने काय करायचं? जाऊबाई कल्याणला आहेत, हा आधार आहे खरा. पण तो अडल्या दिवसाचा आधार. त्यावर तीन वर्षांचा रोजचा प्रवास बेतू नका.

पैशाचं बोलू. गाडीभाडं हा मुद्दाच नाही, कारण रेल्वेच्या नियमात मुलींना घर ते शाळा-कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास पदवीपर्यंत मोफत आहे. शाळेकडून सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यानिशी घ्यायचा आणि खिडकीवर पास काढायचा. खर्च आहे तो फीचा, गणवेशाचा, आणि दोन-तीन महिन्यांतच लागणाऱ्या ट्यूशनचा. मराठीतून शिकलेलं मूल आठवीत एकदम इंग्रजी माध्यमात गेलं की इतिहास-भूगोलसुद्धा परका होतो, मग ट्यूशन लागतेच. आणि ती लावणार कधी, संध्याकाळी आठनंतर?

या खर्चापलीकडे एक तोटा आहे आणि तो कोणी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांसाठीची. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० थेट मुलीच्या खात्यात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि सातवीला ५५ टक्के. तुमची मुलगी यात बसेल असं पत्रावरून वाटतं. मात्र ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला नाव घातलंत की तो दरवाजा त्याच दिवशी बंद. एका बाजूला फी भरायची आणि दुसऱ्या बाजूला हक्काची शिष्यवृत्ती सोडायची, असा दुहेरी फटका आहे हा. मिस्टरांना हा आकडा लगेच समजेल.

आता हायस्कूलकडे वळते, कारण तुमची तक्रार खोटी नाही. शेवटच्या तासाला गणित आणि सरांचं लक्ष गाडीकडे, हे चालत असेल तर चुकीचंच आहे. पण तुमच्या भागातल्या कितीतरी हायस्कूलांचं वेळापत्रक असंच नकळत लोकलला बांधलेलं असतं. शिक्षक कल्याण-डोंबिवलीहून अप-डाऊन करतात. पाचच्या सुमाराची गाडी चुकली तर त्यांचाही तास-सव्वा तास प्लॅटफॉर्मवर जातो. शेवटचा तास अर्धवट टाकण्याला ही सबब होत नाही, पण उपाय कुठे आहे ते यातून कळतं. सरांशी भांडण काढू नका आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात काही टाकू नका. तिथे एकदा मास्तरांचं नाव आलं की दोन गट पडतात आणि गणित बाजूलाच राहतं. चार-पाच आया मिळून मुख्याध्यापकांना भेटा आणि एकच मागणी करा. आठवी ते दहावी, तिन्ही वर्गांचं गणित आणि इंग्रजी परिपाठानंतरच्या पहिल्या तासांत किंवा मधल्या सुट्टीच्या आत घ्या. शेवटचे तास पी.टी., चित्रकला, कार्यानुभव यांना द्या. सकाळी सर वेळेवर येतातच, कारण त्यांची गाडी तेव्हा वेळेवर असते. यात कोणाचा अपमान नाही, शाळेला एक पैसा लागत नाही, आणि मुख्याध्यापकांना हे एका कागदावर बदलता येतं. जूनमध्ये वेळापत्रक लागतं, तेव्हा बोलणं मे महिन्याच्या सुट्टीआधी झालं पाहिजे.

मुख्याध्यापक आयांचं ऐकतील का, ही शंका तुमच्या मनात येईल. ऐकतील, आणि त्याला एक व्यवहारी कारण आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांची किती पदं मंजूर होणार, ते संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. वर्गातली पाच-सात मुलं कल्याण-शहापूरला गेली की एखादं पद धोक्यात येतं. म्हणून तुमच्यासारखी आई 'आम्ही राहतोय, पण एवढं करा' म्हणून दारात आली, तर तिला खुर्ची मिळते. कल्याणच्या शाळेत मात्र तुम्ही हजारातल्या एक पालक असाल आणि पालकसभेला जायला अर्धा दिवस मोडाल. (शाळा वाचवायची जबाबदारी तुमच्या पोरीच्या डोक्यावर टाका, असं मी म्हणत नाही. उद्या शाळा खरंच वाईट निघाली तर पटाचा विचार न करता तिला काढा.)

ती चांगली की वाईट, हे गेटवरच्या फ्लेक्सवरून ठरवू नका. 'दहावीचा निकाल १०० टक्के' हे आता गावोगावी लिहिलेलं असतं. पास व्हायला ३५ लागतात, त्यात प्रत्येक विषयात २० गुण शाळेच्या हातचे, आणि टक्केवारी काढताना सहातले सगळ्यात चांगले पाच विषय धरतात. म्हणजे ज्याचं गणित कच्चं, त्याचंही फ्लेक्सवर पक्कं दिसतं. तुम्ही जाऊन विचारा की गेल्या वर्षी गणितात आणि विज्ञानात साठच्या वर किती मुलं होती. प्रयोगशाळेत डोकवा. कपाटाला कुलूप आणि परीक्षानळ्यांवर धूळ असेल तर समजून घ्या. एखादी दहावीतली मुलगी बाजूला घेऊन विचारा की तू स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केलास. तिने पटकन दोन सांगितले, तर ती शाळा बरी आहे. आणि एनएमएमएसला गेल्या दोन वर्षांत किती मुलं बसवली, हे विचारायला विसरू नका. 'ती काय असते?' असं उत्तर आलं, तर मात्र मला परत लिहा.

इंग्रजीचं काय, हा मिस्टरांचा खरा प्रश्न असणार. तुमच्या हायस्कूलला सेमी-इंग्रजी आहे का, हे पत्रात नाही. असेल तर डोळे झाकून तेच घ्या: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पुढे अकरावी सायन्सला जे इंग्रजी लागतं, ते मुख्यतः या दोन विषयांतलंच, आणि ते तीन वर्षांत सवयीचं होईल. सेमी नसेल तर वेळापत्रकाच्या मागणीबरोबर हीही मागणी ठेवा. ती मान्य व्हायला जास्त वेळ लागेल, कारण त्याला शिकवणारे हवेत. तोवर घरी गणिताचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक शेजारी ठेवून वाचू दे. बालभारतीची पुस्तकं दोन्ही माध्यमांत सारखीच, धडे तेच, उदाहरणंही तीच आणि मोबाईलवर फुकट उतरवता येतात.

रूळ ओलांडण्याचं तुम्ही पत्रात जाता जाता एका ओळीत लिहिलंत. मला ती सगळ्या पत्रातली मोठी गोष्ट वाटली. कल्याणला पाठवली तर हा धोका टळतो, असंही समजू नका, कारण घाईत गाडी पकडणारं मूल पुलावर चढत नाही. तुमच्याकडे एक्स्प्रेस थांबत नाहीत, भरधाव जातात. मुलं एका दिशेची गाडी गेली की लगेच पाय टाकतात आणि तिच्या आडून दुसऱ्या रुळावर येणारी त्यांना दिसत नाही. पावसात आवाजही येत नाही. लेकीला एवढंच बजावा की पूल लांब पडला तरी पूल. दहा मिनिटं आधी निघ, उशीर झाला तर उशिराने जा, सर ओरडले तर मी येऊन बोलते. हे वाक्य तिच्या कानावर तुमच्या तोंडून पडलं पाहिजे, म्हणजे उशिराच्या भीतीने ती रुळात उतरणार नाही. शाळेनेही पहिली घंटा आणि गेट बंद करणं यात थोडं अंतर ठेवावं, हे त्याच बैठकीत मांडा. पूल शाळेच्या बाजूला नीट उतरत नसेल किंवा दिवे नसतील, तर शाळा आणि ग्रामपंचायत या दोघांच्या लेटरहेडवर मिळून स्टेशन मास्तरांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्या पालकाचा अर्ज फायलीत जातो. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. तेही मुलांना सांगून ठेवा. गाडीपेक्षा पोलिसांना भिणारी मुलं असतात.

राहता राहिली लेकीची हौस. तेरा वर्षांच्या मुलीला गाडीने जायचं असतं, त्यात डबा असतो, मैत्रिणी असतात, कानातले विकणाऱ्या मावशी असतात, गाव सुटल्याचा आनंद असतो. मी त्याला नावं ठेवणार नाही, माझीही तीच हौस होती. पण तिच्याशी नुसतं 'नाही' म्हणून बोलू नका. एखाद्या कामाच्या दिवशी, रविवारी नाही, तिला घेऊन कल्याणला जा. जाऊबाईंकडे जेवा, संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी तिच्या पाठीवर तिचंच भरलेलं दप्तर देऊन साडेसहाची गाडी पकडा. मिस्टरांना सुट्टी काढता आली तर त्यांनाही न्या, फक्त त्यांना तुमच्या डब्यातून येऊ देणार नाहीत, तेव्हा घरी आल्यावर त्यांना काय दिसलं ते विचारा. एवढं करूनही पोरगी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून म्हणाली की मला हेच हवंय, तर तिच्यात तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दम आहे. मग मला पुन्हा विचार करावा लागेल.

हायस्कूल पाहून तुमचं मन अगदीच उडालं, तर कल्याणच्या आधी शहापूर बघा. आसनगावला उतरायचं, तिथून शेअर रिक्षाने शहापूर, आणि गाडी बंद पडली तरी हायवेने एसटी आहे. तिथेही अनुदानित शाळा शोधलीत तर शिष्यवृत्तीचा हक्क शाबूत राहतो. अकरावीला तर तिला बाहेर पडावंच लागेल. प्रवेश आता राज्यभर ऑनलाईन होतात, तेव्हा ती सोळा वर्षांची असेल, उंची वाढलेली असेल, गर्दीत कोपर कसं मारायचं ते कळायला लागलेलं असेल. कल्याणचा पास तेव्हा काढा. मी स्वतः तेव्हा तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बोलेन.

जाऊबाईंनी मुलीला ठेवून घ्यायची तयारी दाखवली असेल, तर प्रेमाने नको म्हणा. दोन घरांतलं नातं चांगलं आहे, ते तसंच राहू द्या.

आता लगेचचं काम. फॉर्म घ्यायचा तर घ्या, मिस्टरांचं समाधान होईल, पण फी भरू नका. सातवी झाल्यावर जिल्हा परिषद शाळेतून दाखला उचलायची घाई करू नका, आधी हायस्कूल बघून या. आणि सेतू केंद्रातून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जूनच्या आतच काढून ठेवा, कारण शाळा सुरू झाल्यावर तिथे रांग लागते. एनएमएमएसचा अर्ज शाळेमार्फतच जातो, तुम्हाला परस्पर भरता येत नाही. त्यात दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० गुणांचे. बौद्धिकचे नमुने तिला मे महिन्यातच सोडवायला द्या, तेवढ्यासाठी कुठली गाडी पकडावी लागत नाही.